ग म भ न, पुन्हा एकदा

सदर : शनिवारची शाळा

बालमित्रांनो, आज तुम्हाला माझीच फजिती सांगणार आहे. बाईंची फजिती म्हटल्यावर कान टवकारले ना? वाचा तर मग. आईबाबांनाही शेजारी बसवा, कारण शेवटी त्यांच्यासाठीही थोडं आहे.

मी राहते कर्जतला आणि शिकवते खालापूर तालुक्यातल्या एका छोट्या वाडीवरच्या शाळेत. रोज सकाळी खोपोली लोकल पकडायची, मग पळसदरी, केळवली, डोळवली अशी स्टेशनं मोजत जायचं, पुढे थोडी रिक्षा आणि थोडी पायवाट. पावसाळ्यात छत्रीचा आणि माझा रोज झगडा!

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या चौथीच्या मुलांनी एक मोठं काम केलं. आपापल्या आजीला विचारून रानभाज्यांची माहिती गोळा केली. टाकळा, कुरडू, भारंगी, शेवळं, कंटोळी, कुड्याची फुलं... कुठली भाजी कधी उगवते, कुठला भाग घ्यायचा, कशी शिजवायची, सगळं. शेवळाच्या भाजीत काकडं घालायची, नाहीतर घशाला खाज सुटते, हे मलाही एका आजीनेच सांगितलं. तिला पंधरा-सोळा भाज्यांची खडान्‌खडा माहिती होती. तिची नात सांगायची आणि बाकीची मुलं लिहून घ्यायची. मग चित्रं काढून आम्ही एक झकास भित्तिपत्रक तयार केलं आणि वर्गात लावलं.

आणि ऑगस्टमध्ये भिंत ओली झाली. दोन दिवस जोडून सुट्टी आली होती. तिसऱ्या दिवशी येऊन पाहतो तो कागदाचा लगदा आणि शाईचे ओघळ. मी त्याची नक्कल करून ठेवली नव्हती. फोटो काढला होता, पण लांबून. त्यात मुलांचे हसरे चेहरे दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. चूक माझीच.

"पुन्हा लिहू या गं," असं मी मुलांना म्हणाले खरी, पण परीक्षा आली, सहामाही झाली, दिवाळी आली. दिवाळीनंतर ती आजी गेली.

शाळा सुरू झाल्यावर तिची नात माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, आजीनं सांगितलेलं आता कुठे मिळेल?"

काय उत्तर देणार? त्या संध्याकाळी लोकलमध्ये मी ठरवलं, की आता असं पान करायचं जे भिजणार नाही. आजकाल इंटरनेटवर पानं असतात ना, ज्यांना वेबपेज म्हणतात, तसं. प्रत्येकाच्या घरी मोबाइल आहे. मोबाइलवर उघडेल असं रानभाज्यांचं पान!

पाठ केलेला धडा

आता मी डीएड झालेली बाई. कॉम्प्युटरवर पत्र टाइप करणं आणि तक्ते भरणं यापलीकडे मला काही येत नव्हतं. पण म्हटलं, शिकू की! रात्री जेवणं झाली, की फोनवर व्हिडिओ पाहायचे. 'दहा मिनिटांत वेबपेज', 'एका दिवसात वेबसाइट', अशी नावं असायची. समोरचा माणूस भराभर लिहायचा, मीही तसंच उतरवून काढायचे. आज हा व्हिडिओ, उद्या तो. एकाचं शेपूट दुसऱ्याला जोडायचं. दोन महिन्यांत एक पान तयार झालं आणि माझ्या लॅपटॉपवर ते छान दिसायलाही लागलं!

जानेवारीत मी ऐटीत ते शाळेत आणलं आणि एका पालकांच्या मोबाइलवर उघडलं. बघते तर काय, मराठी अक्षरांच्या जागी नुसती चिन्हांची भेळ! आणि टाकळ्याचा फोटो पडद्याबाहेर पळालेला. मी इकडे दाबलं, तिकडे दाबलं. काही सुधारेना. मुलं भोवती कोंडाळं करून उभी.

एकाने हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला येत नाही का?"

मी म्हणाले, "नाही रे, येत नाही."

खोटं कशाला बोलायचं? पण त्या दिवशी एक गोष्ट लख्ख कळली. पहिलीत दरवर्षी एक-दोन मुलं अशी असतात, की पुस्तक उघडून ओळीवरून बोट फिरवत धडा घडाघडा म्हणून दाखवतात. आईबाबा खूश! पण त्याच धड्यातला एक शब्द फळ्यावर लिहिला, की मूल गप्प. कारण त्याने धडा वाचलेला नसतो, पाठ केलेला असतो. मग आम्ही काय करतो? रागवत नाही. त्याला पुन्हा ग म भ न पासून सुरुवात करून देतो. आधी सोप्या वळणाची अक्षरं, मग काना, मग वेलांटी, मग जोडाक्षर. प्रत्येक पायरी पक्की झाली, की पुढची.

मीसुद्धा दोन महिने धडा पाठच केला होता. मला ग म भ न येत नव्हतं.

दिवा आणि वीजघर

मग मी ठरवलं, की उड्या मारणं बंद. एकच अभ्यासक्रम घ्यायचा आणि पहिल्या धड्यापासून शेवटापर्यंत ओळीने करायचा.

मी निवडलेल्या अभ्यासक्रमाचं नाव 'फ्रीकोडकॅम्प'. तो फुकट आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या क्विन्सी लार्सन यांनी तो सुरू केला. हे लार्सन आधी कोण होते सांगू? शिक्षक! शाळाही चालवायचे. तिशी ओलांडल्यावर स्वतःचं स्वतः प्रोग्रॅमिंग शिकले आणि शिकताना जे चाचपडले ते दुसऱ्यांना चाचपडावं लागू नये म्हणून क्रमवार धडे मांडले. हे वाचून मला किती धीर आला म्हणून सांगू!

मी शिकले त्याला 'फ्रंट-एंड' म्हणतात, म्हणजे पुढची बाजू. हे समजायला आपल्या खोपोलीकडे पाहा. घाटावरच्या धरणांतलं पाणी मोठाल्या नळांतून खोपोलीत उतरतं आणि टाटांच्या वीजघरात वीज तयार होते, तीही १९१५ सालापासून. पण घरात बसलेल्याला काय दिसतं? बटण आणि दिवा. वेबसाइटचंही तसंच. माहिती साठवणारं, हिशेब करणारं वीजघर मागे असतं, ते बॅक-एंड. आपल्याला दिसतात आणि आपण दाबतो ती अक्षरं, चित्रं, बटणं म्हणजे फ्रंट-एंड. आमच्या पानाला वीजघराची गरजच नव्हती. नुसता दिवा पुरेसा होता.

हा दिवा तीन भाषांनी बनतो. शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटक आठवा.

पहिली भाषा एचटीएमएल. ही म्हणजे नाटकाची वही. आधी काय, नंतर काय, हे ठळक नाव, हा परिच्छेद, इथे चित्र. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या 'सर्न' या संशोधन केंद्रात वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये जगातली पहिली वेबसाइट लोकांपुढे आली. एचटीएमएलमध्ये बहुतेक गोष्टींना खुणेच्या जोडीत ठेवतात. एक खूण सुरुवातीला, दुसरी तिरकी रेघ घेऊन शेवटी. या खुणांचे कंस कोणते ठाऊक आहे? गणितातली 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठा' ही चिन्हं! म्हणजे अर्ध्या गोष्टी तुम्हाला आत्ताच येतात.

दुसरी भाषा सीएसएस. ही वेशभूषा आणि रंगभूषा. अक्षर केवढं, रंग कुठला, चित्राभोवती जागा किती. नॉर्वेच्या होकॉन व्युम ली यांनी १९९४ मध्ये ती सुचवली. इथे तुमचे महिरपी कंस कामाला येतात. एकदा मी शेवटचा महिरपी कंस विसरले, तर त्याच्या खालची सगळी सजावट गायब!

तिसरी भाषा जावास्क्रिप्ट. ही नटांची हालचाल. बटण दाबलं की काय व्हायचं, ते ती सांगते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत केला. मराठीचा आणि हिचा एक जुना ऋणानुबंधही आहे, बरं का. २००० नंतरच्या दशकात मराठी वेबसाइटींवर मराठीत लिहिता यावं म्हणून जावास्क्रिप्टमध्ये एक सोय तयार झाली होती. तिचं नाव काय होतं? 'गमभन'!

'यू' चा घोटाळा

अभ्यासक्रमात पहिलं काम काय होतं? मांजरांच्या फोटोंचं पान! मग कॅफेचं मेन्यू कार्ड, मग रंगीत मार्कर. एकेक पायरी इतकी लहान, की एका वेळी एकच ओळ लिहायची. चुकलं, तर पुढे जाताच येत नाही. चूक दुरुस्त करा, मग पुढे. अगदी आमच्या पहिलीसारखं!

चुका किती केल्या ते विचारूच नका. एक सांगते. एका रात्री मला शीर्षक हिरवं करायचं होतं. काही केल्या होईना. एक तास गेला, लाइट गेली, लाइट आली, तरी अक्षरं काळीच. शेवटी लक्षात आलं. आपल्या इंग्रजीच्या पुस्तकात रंग या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये 'यू' असतो आणि आपण तो घोकून पाठ केलेला असतो. सीएसएसला अमेरिकन स्पेलिंग लागतं, त्यात 'यू' नाही! मी 'यू' खोडला आणि शीर्षक हिरवंगार झालं. अशा चुकांसाठी मी एक वही केली. डावीकडे चूक, उजवीकडे कारण. ती वही आज माझी सगळ्यात आवडती वही आहे.

इंग्रजी अडलं, की शब्दकोश होताच. शिवाय पवईच्या आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. साधारण दहा-दहा मिनिटांचे ते धडे कितीतरी भारतीय भाषांत मिळतात आणि त्यांतले अनेक मराठीतही आहेत. त्यांची पद्धत मला फार आवडली. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा चालू ठेवायचा आणि उरलेल्या अर्ध्या भागात लगेच स्वतः करून पाहायचं. नुसतं बघत बसायचं नाही.

मी माझा एक नियमही केला. प्रत्येक धडा झाला, की तो बंद करायचा आणि कोऱ्या पानावर तेच न बघता लिहायचं. पहिल्या दिवशी मला चार ओळीसुद्धा आठवल्या नाहीत. हसू नका, तुम्हीही करून पाहा! पण रोज केल्यावर हात वळायला लागला.

आणि मग जानेवारीतली कोडी सुटली. अक्षरांची भेळ का झाली होती? कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जगातल्या भाषांच्या प्रत्येक अक्षराला 'युनिकोड' या पद्धतीत एक क्रमांक दिलेला आहे. आपला ग म्हणजे २३२७, म म्हणजे २३५०, भ म्हणजे २३४९ आणि न म्हणजे २३४४. हे आकडे फाइलमध्ये साठवण्याच्या पद्धतीला 'यूटीएफ-८' म्हणतात. "हे पान यूटीएफ-८ पद्धतीने वाच," अशी एक ओळ पानाच्या डोक्यावर लिहावी लागते. ती मी उतरवून घेताना गाळली होती, कारण ती कशाला आहे हेच मला माहीत नव्हतं!

आणि फोटो का पळाला? मी त्याची रुंदी लॅपटॉपच्या मापाने ठरवली होती. मोबाइलचा पडदा अरुंद. आता मी फोटोला बजावलं, "तुझी रुंदी तुझ्या चौकटीच्या शंभर टक्क्यांहून जास्त होता कामा नये." मुकाट्याने आत बसला. पडदा लहान असो की मोठा, पान त्यात नीट मावलं पाहिजे, या कलेला 'रिस्पॉन्सिव्ह' म्हणतात. एथन मारकॉट यांनी २०१० मध्ये तिला हे नाव दिलं.

आजीचं पान

त्या अभ्यासक्रमात शेवटी पाच कामं स्वतःच्या बळावर करायची होती. तिथे एकेक ओळ सांगणारं कुणी नाही. त्यातलं एक होतं 'ट्रिब्यूट पेज', म्हणजे ज्याच्याबद्दल आपल्याला आदर वाटतो अशा कुणाचं तरी पान. लोक मोठमोठ्या शास्त्रज्ञांची, खेळाडूंची पानं करतात. मी कुणाचं केलं असेल, ओळखलंत ना?

पण लिहायचं काय? माहिती तर भिजून गेली होती. मग मुलांनाच विचारलं. ती आता पाचवीत, दुसऱ्या शाळेत गेली होती. एका शनिवारी सगळी आली. एकाला दोन भाज्या आठवल्या, दुसरीला तीन. नातीला सर्वांत जास्त. वाडीतल्या इतर आज्यांनी भर घातली. त्यांच्याशी बोलून आम्ही प्रत्येक ओळ पुन्हा तपासून घेतली, कारण रानातल्या पाल्याबाबत चुकून चालत नाही. (तुम्हीही जाणत्या माणसाशिवाय रानातलं काहीही तोंडात घालू नका हं!)

२०२५ च्या पावसाळ्यात पान पुरं झालं. भाजीचा फोटो दिसतो, खाली 'ओळखा पाहू' असं बटण. ते दाबलं, की नाव आणि कृती. प्रत्येक चित्रासोबत त्याचं वर्णन शब्दांतही लिहिलं आहे. अंध व्यक्तींच्या मोबाइलमध्ये पान वाचून दाखवणारी सोय असते, तिला चित्र दिसत नाही, पण हे वर्णन वाचता येतं. मुलांची नावं आणि चेहरे मात्र आम्ही पानावर टाकले नाहीत. ती फाइल सगळ्यांच्या घरच्या मोबाइलमध्ये पाठवली. असं पान इंटरनेट नसतानाही उघडतं, हे तुम्हाला माहीत होतं का? वाडीवर रेंज येते-जाते, त्यामुळे ते फार उपयोगी पडलं. आणि यावेळी नक्कल तीन ठिकाणी ठेवली आहे!

नातीने पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. एका ठिकाणी ती थांबली. त्या भाजीचं नाव सगळ्यांना आठवत होतं, पण आजी ती कशी करायची, ते कुणालाच आठवलं नाही. तिथे आम्ही चौकट रिकामी ठेवली आहे.

"बाई, आठवलं तर मला भरता येईल?" तिने विचारलं.

"येईल की. तुला शिकवते," मी म्हणाले. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर ती येते. सुरुवात कुठून केली, हे सांगायलाच नको. मांजराच्या फोटोपासून!

पालकांसाठी चार शब्द

मध्यंतरी एका माजी विद्यार्थ्याचे वडील माझ्याकडे एक जाहिरात घेऊन आले. मुलाला वेबसाइट बनवायच्या शिकायच्या होत्या आणि फीसाठी ते कर्ज काढायच्या तयारीत होते. मी म्हणाले, "दादा, आधी तीन महिने फुकटातलं करू द्या. रोज एक तास. टिकला, तर मग फीचं बघा."

फी घेणारे सगळेच वाईट असं मी म्हणत नाही. चांगला शिक्षक समोर असेल, तर त्याच्यासारखं सुख नाही. पण पैसे भरण्याआधी दोन गोष्टी बघा. धडे क्रमाने आहेत का? आणि मुलाला कोऱ्या पानावर स्वतः काही करायला लावतात का, की नुसतं दाखवतात? आणि प्रमाणपत्र घरी आलं, की त्याला एकच सांगा : "आता धडा बंद कर आणि माझ्यासमोर एक पान करून दाखव." आमच्या पहिलीची परीक्षा हीच असते.

वेळही लागतो हो. माझ्या अभ्यासक्रमाला साधारण तीनशे तास लागतात असं तिथे लिहिलेलं होतं. रोज एक तास धरला तर दहा महिने झाले. 'एका दिवसात' वाल्यांना हे विचारा!

आपलं आपण शिकणं फार चांगलं. पण एकलव्यानेसुद्धा गुरूची मूर्ती समोर ठेवली होती आणि सराव रोजचा होता. आपलं आपण शिकायचं म्हणजे वाटेल तिथून उड्या मारायच्या असं नव्हे. क्रम कुणीतरी नीट लावून दिलेला असावा, चालायचं मात्र आपल्या पायांनी.

करून पाहा

आता तुमच्यासाठी कोडं. युनिकोडमध्ये क चा क्रमांक आहे २३२५. पुढे ख, ग, घ, ङ असं एकही अक्षर न गाळता न पर्यंत एकेक आकडा वाढवत जा. न ला २३४४ आलं, की तुमचा तक्ता बरोबर. तर मग हा शब्द कोणता?

२३३२, २३४०, २३४४

आमच्या पानाचं नाव आम्ही तेच ठेवलं आहे. आणि हो, आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना एक तरी गोष्ट विचारा आणि ती लिहून ठेवा. वहीत लिहा, मोबाइलमध्ये लिहा, कुठेही लिहा. पण त्याची नक्कल करायला विसरू नका!

तुमचीच,
बाई